आबांच्या मेंदूतली तार

मंगळवार, दहावा दिवस. भोर.

घाटावर आज पाऊण तास कावळा पिंडाला शिवेना. माझ्या वडिलांचे, आबांचे, धाकटे भाऊ तात्या हात जोडून सांगत होते, "दादा, तुझी शेरडं म्या राखीन. जीव नको अडकवू." माझ्या खिशात बाटली होती.

बाटलीत आबांच्या मेंदूत बसवलेली तार आहे. हाताचा कंप थांबावा म्हणून. तिच्यावर वीज वाहून नेणाऱ्या मऊ प्लास्टिकचा थर आहे, नुसता धातू मेंदूला बाधतो म्हणून. नवीन प्रयोग होता. त्या तारेमुळे आबा शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने चहा प्याले. 'मी गेल्यावर तार काढून घ्या, थर किती टिकला ते बघा,' असं त्यांनी डॉक्टरांना सही करून दिलं होतं. पण पुण्याच्या दवाखान्यात तात्या अडून बसले, "अंगातलं समदं नदीत सोडायचं." सही माहीत असून मी बोललो नाही. डॉक्टरांनी काढलेली तार आम्ही परत घेतली. का?

आज ती सोडायची होती. मी मनात म्हटलं, आबा, तार डॉक्टरांना देतो. थोड्या वेळाने कावळा उतरला.

"बघ, शेरडांतच जीव होता," तात्या म्हणाले. "आण ती बाटली."

"घरी राहिली."

खिशातली बाटली घट्ट धरून खोटं बोललो.

सकाळच्या एसटीने पुण्याला जायचं ठरवलं आहे. तात्या बाहेर ओट्यावर बसलेत. आबांना मनातल्या मनात सांगून भागलं. तात्यांना तोंडाने सांगावं लागेल. उठतो आता.