कारेगावच्या बाईंचा कॉम्प्युटर

शिरूर, मंगळवार, १४ ऑक्टोबर २००३

आज स्वतःचाच राग येतोय. एका कंपनीच्या लिलावातून आणलेले पाच जुने कॉम्प्युटर महिनाभर दुकानात पडून होते. अख्खा कोणी घेईना. पुण्याचा व्यापारी म्हणाला, "खोलून सुटे पार्ट द्या, दुप्पट मिळतील." चार खोलले. पाचवा कारेगावच्या गायकवाड बाईंना कबूल केलेला. कामगारांच्या मुलींना त्या घरीच शिकवतात. पण मला हाव सुटली. सकाळी त्याचीही रॅम आणि हार्डडिस्क काढून टेबलावर ठेवली.

आणि नेमक्या दुपारी बाई आल्या, कॉम्प्युटर गुंडाळायला घरची गोधडी घेऊन. मी पटकन बोलून गेलो, "बाई, तो चालूच होत न्हाई." का बोललो? खरं सांगायला काय झालं होतं?

बाई म्हणाल्या, "असू द्या. बंद हाय तसाच द्या. आत काय असतं ते तरी पोरी बघतील. ठरलेले पैसे घ्या."

त्यांनी पाकीट पुढं केलं. मला ते धरवेना. "थांबा, एकदा बघतो," म्हणालो आणि त्यांच्यादेखत दोन्ही पार्ट परत बसवले. बटण दाबलं. पडदा उजळला.

बाईंनी आधी टेबलाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "लगेच झाला की ओ नीट," एवढंच म्हणाल्या.

गोधडीत मीच बांधून दिला. पैसे कमी घेतो म्हणालो, तर त्यांनी पुरे दिले. अजून खिशातच आहेत. गल्ल्यात टाकवत नाहीत.