बाहुलीला हवा असलेला झटका

मल्लेश्वरम, बंगळूर
१२ ऑगस्ट १९९७

प्रिय वत्सले,

(व्याकरण शिकलेल्या नवऱ्याने संबोधन तरी शुद्ध लिहावे.)

आधी एक गंभीर तक्रार. इथे कॉफीचा पेला काठोकाठ भरतात. माझी अर्धी कॉफी रोज खालच्या वाटीत जाते. वाढपी म्हणतो, "स्वल्प निधान, अण्णा!" म्हणजे जरा सावकाश. 'स्वल्प' ऐकून मला आधी वाटले, गडी संस्कृत पाठशाळेतला आहे.

काम ठीक चालले आहे. मातीची बाहुली केसभर हलवायची आणि फोटो घ्यायचा, यात माझी उमेदीची वर्षे गेली. आता तसाच सिनेमा संगणकावर करतात. पण संगणकाची बाहुली लोण्यासारखी सरकते, म्हणून स्टुडिओतली पोरे विचारतात, "सर, इथे मातीच्या बाहुलीसारखा झटका कसा द्यायचा?" जे झटके मी जन्मभर लपवले, त्यांचीच आता नक्कल होते! ऋषीची व्याकरणातली चूक आपण 'आर्ष प्रयोग' म्हणून डोक्यावर घेतो, तसा मी ऋषी झालो आहे. दाढी तेवढी वाढवायची राहिली.

आपल्या सिद्धीचा अभ्यास कसा चाललाय? तुझा गुडघा? मिरजेच्या त्या वैद्यांचे तेल लावतेस ना?

मागच्या पत्रातले अक्षर वाकडे आले ते, मी लिहिले तसे, बसमुळे नव्हते. उजवा हात थरथरतो. काल पोरांना दाखवायला मातीची बाहुली घेतली, तर ती उभीच करता येईना. "सर, हाच झटका हवा होता," म्हणून पोरे खूश झाली. मीही हसलो.

वत्सले, डॉक्टरांकडे एकट्याने जायची मला भीती वाटते. तू ये.

तुझा,
वासुदेव