सारवलेली बिळं

शुक्रवार, संध्याकाळ

कौसल्याकाकूंवर राग येत नाही, हेच जड जातंय.

नेकनूरला त्यांच्या अंगणाच्या कडेला, उघड्या मातीत, एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांची बिळं होती. एकेका मादीचं एकेक बीळ. रोज जाऊन निरखत होते, पण जात कुठली ते अजून ठरत नव्हतं. एखादा नर सापडला असता तर ठरलं असतं. कॉलेजच्या परीक्षांमुळे मी तीन दिवस तिकडे गेले नाही. आज गेले, तर सगळं सारवलेलं. गुळगुळीत, बोटांचे वळसे उठलेले.

"तुमी रोज धुळीत बसता बाई, म्हनून सारवून ठेवलं," काकू म्हणाल्या.

छान झालं, म्हणाले मी. का म्हणाले? मग त्या बोटांच्या वळशांकडे बघता बघता रडूच फुटलं, आणि माश्या आत कोंडल्याचं सांगून टाकलं. काकू खाली बसून नखांनी वाळलेलं शेण उकरू लागल्या. मीही उकरलं. पाच निघाल्या, बिळांच्या तोंडाशीच, मेलेल्या. पाचही माद्या.

निघताना त्यांनी हळूच विचारलं, "आता तुमी येनार न्हाई का, बाई?"

येईन की, म्हणाले. बहुतेक खोटंच.