नलूच्या वाराचं पाणी

१० मार्च, मंगळवार
सहाला टेकडी. एकटीच. नलू नेहमीसारखी गिरणीपाशी वाट बघत नव्हती, आज आठवा दिवस. मी तिथे दोन मिनिटं थांबले, तेही चपलेचा पट्टा बघायच्या निमित्ताने. अकरा वर्षांत पहिल्यांदाच सलग आठ दिवस चढताना कानाशी कोणी बोललं नाही. बरं वाटलं. ग्रंथालयात चौतीस वर्षं ‘शांतता राखा’ म्हणत काढली, ती शांतता निवृत्तीनंतर मिळाली म्हणायची.
आणि असं काय मोठं बोलले मी? मुलगा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, वाघोलीच्या नव्या फ्लॅटमध्ये कायमची राहायला बोलावतोय, हे ती हरखून सांगायला आली. मी म्हटलं, “जा की. बिनपगारी आया मिळतेय, तो कशाला सोडेल?” पुण्यात याला बोलणं म्हणतात. तिच्या अमरावतीत अपमान म्हणत असतील.

१३ मार्च, शुक्रवार
आपट्याचं आळं ओलं! म्हणजे काल संध्याकाळी येऊन गेली.
दसऱ्याला लोक टेकडीवरचे आपटे ओरबाडतात, म्हणून एक आपला असावा, असं ठरवून तीन वर्षांपूर्वी दोघींनी लावला. पाण्याची बाटली जड, म्हणून वार वाटून घेतले. सोम-बुध-शुक्र मी, मंगळ-गुरु-शनि नलू. रविवारी झाडाला सुट्टी (ही माझी अक्कल).
माझ्याशी अबोला, पण वार मात्र पाळते. फार राग आला. का, ते कळलं नाही.

१४ मार्च, शनिवार
तिचा वार. मीच घालून आले. काठोकाठ. कोणावाचून काही अडत नाही, हे कळू दे एकदा.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा
गुढी उभारली. साखरेच्या गाठी दरवर्षी नलू आणायची, एक तिची, एक माझी. यंदा नुसता कडुनिंब. शेजारची म्हणाली, “काकू, गाठी विसरलात?” म्हटलं, “शुगर आहे.” नाहीये.
पाणी रोज मीच घालते. उजवा खांदा धरलाय.

२७ मार्च, शुक्रवार
वरच्या खडकावर तासभर. तांबट एकसारखा टुक टुक करत होता. वाळक्या गवतातून एक मुंगूस आलं, माझ्याकडे बघून घेतलं आणि गेलं. खाली धायरी, पलीकडे सगळं धुरकट.
याच खडकावर नलूची टकळी चालायची. सून, गुडघा, वांग्याचा भाव. मी म्हणायची, “अगं, जरा पक्षी ऐकू दे!” आज ऐकले. सगळे ऐकून झाले. मग काय करायचं ते सुचेना.
तेवढ्यात तांबट समोरच्या फांदीवर येऊन बसला. मी वळून “तो बघ” म्हणाले. चांगलं मोठ्याने. शेजारी बाटली.
घरी येऊन रडले. पोहे करपले.

४ एप्रिल, शनिवार
आपट्याची सगळी पानं गळली. या दिवसांत गळतातच, तरी जिवाला घोर.
उतरताना बापट भेटले (काठीवाले. साऱ्या टेकडीची खबर यांच्याकडे). “तुमच्या मैत्रीणबाई दिसत नाहीत हल्ली. मध्ये संध्याकाळच्या यायच्या, बाटली घेऊन. एकदा म्हणाल्या, माझ्या वारालाही तीच घालून जाते, माझं काम नाही राहिलं इथे. भरलेली बाटली तशीच परत घेऊन गेल्या हो. पुढच्या रविवारी चालल्या म्हणे वाघोलीला.”
“हो, माहीत आहे मला.”
माहीत नव्हतं.

५ एप्रिल, रविवार
झाडाला सुट्टी. तरी गेले, मोकळ्या हातांनी. खडकावर बसून एकच चित्र डोळ्यांपुढे. दुखऱ्या गुडघ्याने दोन लिटर पाणी वर आणलं, आळं ओलं बघितलं, आणि ते ओझं परत खाली. असं किती वेळा? विचारायची हिंमत नाही.
मला वाटत होतं, मी तिला धडा शिकवतेय. ती समजली, तू नको आहेस. बरोबरच समजली, दुसरं काय समजणार?
आणि तो आयाचा टोमणा. पोटात होतं ते असं, की तू गेलीस तर मी कोणाबरोबर चढू? एवढं साधं वाक्य तोंडातून निघत नाही. टोमणा मात्र तयार. आई म्हणायचीच, सुमीच्या जिभेला हाड नाही.

७ एप्रिल, मंगळवार
नलूचा वार. पाणी घातलं नाही. बाटली नेलीच नाही, हात शिवशिवेल म्हणून.
नखाने फांदी जराशी खरवडली. आत हिरवं. आहे जिवंत.

८ एप्रिल, बुधवार
आळं कोरडंठाक. काल आली नाही. कशी येईल? मी घातलं नाही, हे तिला काय स्वप्नात कळणार! मूर्ख बाई मी.
माझा वार. माझं पाणी घातलं.

९ एप्रिल, गुरुवार
फोन. चार वेळा नंबर काढला, पाचव्यांदा लावला.
“काय करून राहिलीस?” तिच्याच भाषेत विचारलं. एरवी हसते. आज नाही.
“भांडी बांधून राहिली.”
“नलू, आज तुझा वार. मी पाणी घातलेलं नाही.”
“तूच घाल न. तुला जमते सगळं.”
“नाही जमत. तू गेलीस की मी एकटी पडेन, म्हणून तसं बोलले. चुकलं माझं.”
हे मी बोलले. खरंच बोलले. ओट्याला धरून उभी होते. पलीकडून नुसता चिकटपट्टी ओढल्याचा आवाज.
“गुडघा सुजला आहे, सुमन. चढवत नाही आता.”
“बाटली मी उचलते. शनिवारी. तू नुसती ये.”
“बघते.”
पुण्यात ‘बघते’ म्हणजे नाही. अमरावतीत काय, ते विचारायला हवं होतं.

११ एप्रिल, शनिवार
डायरी वर आणली आहे. खडकावर बसून लिहिते.
पावणेसहा ते साडेसहा गिरणीपाशी उभी होते. आली नाही. भरलेली बाटली घेऊन एकटीच चढले. उद्या टेम्पो.
आपट्याच्या शेंड्याला दोन कोंब. तांबूस, तांदळाएवढे. तिला सांगायला हवं.
सव्वासात. ऊन आळ्यात आलं. बापट उतरता उतरता म्हणाले, “अहो, घाला की पाणी, ऊन चढतंय.”
म्हटलं, “आज माझा वार नाही.”
पावणेआठ. खालच्या वळणावर कोणीतरी चढतंय. चार पावलं, की थांबतंय. परत चार पावलं. लांबचा चष्मा घरी राहिला. काहीतरी पिवळं आहे. साडी असेल, नाहीतर कोणाची ओढणी.
बाटलीचं झाकण अजून उघडलेलं नाही.