भट्टीचा घास

सोमवार, ३
नोकरी लागली, तीही राहायच्या जागेसकट! कारखान्यामागे दोन खोल्या, निळं दार, नळाला दिवसभर पाणी. ठकूने रिकाम्या खोलीत इतक्या उड्या मारल्या की शेजारीण काय पडलं ते बघायला आली. सहा वर्षांची पोर, पण पाय आपटते पैलवानासारखे.

दुपारी भट्टी पाहिली. पितळ वितळवायची इंडक्शन भट्टी. जाळ नाही की धुराडं नाही. तांब्याच्या जाड नळीचं वेटोळं, नळीत खेळतं थंड पाणी, नळीला वीज. मधल्या भांड्यातला धातू आपोआप लाल होतो, पाघळतो आणि कुणी खालून ढवळावं तसा मध्ये फुगून येतो. मी कितीतरी वेळ बघत राहिले. मालकीणबाईंचं एकच दुखणं, घट. तांबं आणि जस्त मिळून दोनशे किलो घातलं की पितळ निघतं एकशे ब्याण्णव. बाकीचं जस्त पांढरा धूर होऊन जातं. मी म्हटलं, निम्मी करून दाखवते. देखरेखीला बाई आणली म्हणून कोपऱ्यात कुजबुज चालली होती, तिथपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं.

बुधवार, ५
वितळलेल्या तांब्यावर कोळशाच्या पुडीचं जाड पांघरूण घातलं. जस्त अगदी शेवटी, तळाशी दाबून. एकशे सत्त्याण्णव निघालं! मालकीणबाईंनी पाठ थोपटली. भट्टीवरचा म्हातारा मिस्त्री मात्र म्हणाला, बाई, ते आठ किलो म्हणजे भट्टीचा पगार होता; कुणाच्या तोंडचा घास काढू नये. मी म्हटलं, मग तिचं नाव हजेरीपटावर चढवा. सगळे हसले, तो सोडून.

शनिवार, ८
आज दोनशे एक.
घातलं त्याहून जास्त निघत नसतं. काट्यावर मापं ठेवून पाहिली. काटा बरोबर आहे. मालकीणबाई हरखल्या. मिस्त्रीने विचारलं, घरी कोण कोण असतं. मी म्हटलं, मुलगी. त्याने हातातली पळी खाली ठेवली आणि नंतर दिवसभर माझ्याकडे पाहिलं नाही.

मंगळवार, ११
काल दोनशे दोन.
सकाळी शाळेत मुलांची वजनं केली. ठकू गेल्या आठवड्यात नाव घालताना एकोणीस भरली होती, आज सोळा. तिच्या बाई म्हणाल्या, आमचाच काटा बिघडला असेल, पोर तर चांगली गुटगुटीत आहे. खरंच आहे. गाल तेवढेच, फ्रॉक तेवढाच घट्ट. तिला कारखान्यात नेऊन आमच्या काट्यावर बसवलं. सोळा. तीन किलो कमी. भट्टीने जास्तीचे दिले एक आणि दोन.

दुपारी पांघरूण घातलंच नाही. जस्त उघड्यावर टाकलं. मनात म्हटलं, घे बाई, घे तुझा घास. सगळी शेड पांढरी झाली, माणसं खोकत बाहेर पळाली. तरी दोनशे तीन.
मिस्त्री म्हणाला, आता ती चटावली.

बुधवार, १२
तेरा. ठकूने पायरीवरून उडी मारली. खाली टेकायला वेळ लागला. आवाज झाला नाही. हसत सुटली, आई, मी कापूस झाले! मी पण हसले. काय करणार होते?

मालकीणबाईंच्या पाया पडले, भट्टी बंद करा. त्या म्हणाल्या, घातल्यापेक्षा जास्त देणारी भट्टी कुणी विझवतं का? आणि युक्ती तुमचीच ना? माझीच. वीज तोडायला धावले, चौघांनी धरलं. नोकरी गेली.
माझ्यावाचून आज दोनशे चार.

गुरुवार, १३
ताईकडे आलो. पहाटे निघालो ते दुपारी पोचलो. इतकं लांब आल्यावर सुटेल असं वाटलं —
ताईच्या वाण्याच्या काट्यावर नऊ.
ठकूच्या खिशांत वाळूच्या पुड्या भरल्या. ताई म्हणते, पोरीचा काय छळ मांडलायस. तिने अजून उचलून घेतलं नाही तिला.
मिस्त्रीचा फोन आला. दोनशे पाच. तो रडत होता.

शुक्रवार, १४
चार.
रोज एक वाढतो. आज सहा घेणार. चारातून सहा कसे —
ताईने उचलून घेतलं. दारं-खिडक्या लावत सुटली आहे.

ठकू मांडीवर आहे. केसांचा वास येतो, ऊब लागते. मांडीला ओझं नाही.

मिस्त्री फोनवर. ऐकत नाहीत म्हणतो. ओतून झालं. काट्यावर चढवतायत —

ठकू म्हणते, आई, घट्ट धर.
फ्रॉक मुठीत आहे. फ्रॉक वर ओढतोय. एका हाताने नाही — दोन्ही हात ला —