शकुंतलेच्या करंजीतले तपकिरी सारण

९ नोव्हेंबर, रविवार
उमरावभावजींच्या नव्या ट्रॅक्टरची पूजा. जेवण ठीक. भात जास्त शिजलेला. शेवटी शकुंतलेने करंज्या आणल्या. माझी धाकटी जाऊ, देवरीच्या जंगलाकडची, आठवी पास. लग्न होऊन आली तेव्हा तिला पुरणसुद्धा मीच शिकवले.

करंजी खाल्ली. पापुद्रे सुटलेले. आत तपकिरी सारण, दाणेदार, खमंग, किंचित आंबूस. काय होते ते ओळखता आले नाही. तपासण्यासाठी दुसरी खाल्ली. तिसरीही तपासली.

ह्यांनी किती खाल्ल्या ते लिहीत नाही.

रेणूने सगळ्यांसमोर जाहीर केले की बाळाच्या बारशाला काकूंच्याच करंज्या. या घरच्या कार्यात गोड म्हणजे माझी बालुशाही, हे सुनेला कोणी सांगितलेले दिसत नाही. बारसे तीस तारखेला. त्याआधी सारण ओळखायचे आणि त्याहून सरस करून दाखवायचे. होम सायन्सला फर्स्ट क्लास उगाच मिळत नाही.

मत्सर वगैरे नाही. क्वालिटीचा प्रश्न आहे.

१० नोव्हेंबर
सोमवार, म्हणजे तूप कढवायचा दिवस. तळाची बेरी खरवडून डब्यात भरली आणि नेहमीप्रमाणे ह्यांच्या हाती शकुंतलेकडे पाठवली. आमच्याकडे ती जळकी बेरी कोणी खात नाही. तिकडे काहीही चालते.

ह्यांना बजावले होते की येताना त्याच डब्यात एक करंजी आणायची, सॅम्पल म्हणून. आणली. रस्त्यात खाल्ली. डब्यात चुरा उरला होता, तो चाखला. खोबरे नाही. बहुधा भाजलेला खवा.

१२ नोव्हेंबर
खवा नाही. कढईला लागला. कढई भिजत घातली आहे. हल्ली खवाच चांगला मिळत नाही.

पण दुपारी एकदम सुचले. मोहफुले! देवरीकडची बाई दुसरे काय घालणार? बाजारातून आणून लगेच भिजत घातली.

१४ नोव्हेंबर
मोहफुले वाटून गुळात परतली. वास जरा धाडसी होता. ह्यांनी एक करंजी खाल्ली आणि खुर्चीतच झोपले. पचायला हलकी असल्याची खूण. रेणू म्हणाली, मी बाळाला पाजते, मला नको. आमचा मुलगा भुपेंद्र म्हणाला, प्लांटला ड्युटी आहे. आज त्याची सुट्टी होती.

मोहफुले नाहीत.

१६ नोव्हेंबर, रविवार
शकुंतला बाळाला बघायला आली होती. तिला विचारले. म्हणजे विचारले नाही, सरळ विचारणे म्हणजे कबुली. बोलता बोलता म्हटले की त्या दिवशीचे सारण जरा करपले होते का. ती हसली आणि म्हणाली, "मी काय सांगू बाई, तुमच्याच घरचं त आहे सारं."

टोमणा. तुमच्याकडूनच शिकले आणि तुमच्यापुढे गेले, असा सरळ अर्थ आहे. आणि हसत हसत.

निश्चय: आजपासून त्या घरी काहीही जाणार नाही. लोणचे नाही, कढीपत्ता नाही. बेरीसुद्धा नाही.

१७ नोव्हेंबर
तूप कढवले. बेरी फाटकाबाहेरच्या पिवळ्या कुत्र्याला घातली. त्याने फरशीसुद्धा चाटून काढली. हे डबा शोधत होते. मी म्हटले, संबंधांना मर्यादा असतात. हे काहीतरी सांगायला लागले होते. मी सांगू दिले नाही.

२१ नोव्हेंबर
बेसन आणि कंडेन्स्ड मिल्क. तळताना करंज्या उघडल्या. सारण तेलात, तेल सारणात. दोष शेगडीचा आहे, एक बर्नर कमी पेटतो. ह्यांनी एक चाखून म्हटले, वेगळी आहे. "वेगळी" म्हणजे काय ते मला लग्नापासून ठाऊक आहे.

शकुंतलेचा बर्नर नीट पेटत असणार. तिचे सगळे नीटच असते.

२४ नोव्हेंबर
तूप कढवायला घेतले तर कुत्रा आधीच फाटकाशी येऊन बसलेला. बेरी त्यालाच घातली.

बारशाला बालुशाहीच करायची ठरवली. शोध सोडलेला नाही, पुढे ढकलला आहे. लोकांना शेवटी आपले नेहमीचेच आवडते.

३० नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ
बारसे झाले. बाळ पाळण्यात शांत होते, माझ्यावर गेले आहे.

माझ्या बालुशाहीसोबत शकुंतलेच्या करंज्याही वाढल्या. लोकांनी एकेक करंजी खाल्ली, दुसरी कोणी मागितली नाही. रेणूने अर्धी तशीच ताटात ठेवली. मी दुसऱ्या बाजूने जाऊन पुन्हा पाहिले. अर्धीच होती. इतके प्रसन्न बऱ्याच दिवसांत वाटले नव्हते. मोठ्या मनाने सगळ्यांसमोर म्हटले, असू दे शकुंतला, एखाद्या वेळी बिघडते.

तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "बिघडनारच ना बाई. तुमची बेरीच नाई आली. दोन सोमवार वाट पाहिली, मंग खोबरं घातलं. सारी चव त त्या बेरीतच राहते."

उमरावभावजींनी भर घातली की वहिनीच्या तुपाला निघते तशी बेरी अख्ख्या तिरोड्यात निघत नाही. सगळे माझ्याकडे पाहू लागले. रेणूने विचारले, आई, मग ती बेरी गेली कुठे? हे फाटकाकडे पाहत होते.

शकुंतला बायकांना कृती सांगायला लागली. मी बाळाला पाहायला आत गेले. बाळ बाहेर होते.

१ डिसेंबर, सोमवार
शांतपणे विचार केला. बेरी माझी, म्हणजे ती करंजी मुळात माझीच. सकाळी ह्यांना हे मुद्देसूद समजावले. हे म्हणाले, मग करा की.

केल्या. आजच्याच तुपाची ताजी बेरी, वर साखर. सारण कडवट लागले, दाताखाली कचकचले. ती बेरीचे पुढे काय करते ते काल ऐकायचे राहिले.

उरलेली बेरी डब्यात भरून ह्यांना दिली आणि शकुंतलेकडे धाडले. निरोप काही दिला नाही.

माझ्या करंज्या कुत्र्यापुढे ठेवल्या. त्याने वास घेतला, मग उठून ह्यांच्या मागोमाग शकुंतलेच्या घराकडे गेला.