शताधिपतीच्या तोंडचं नाव

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली, पण आज लिहिल्याशिवाय राहवेना. बाबा, मला ते दिसलं! तुम्ही म्हणत होता तेच, अगदी स्वच्छ!

आठवतं? चिंचवडच्या आपल्या चर्चच्या मंडळीत तुम्ही म्हणालात, येशूला कोणी काय म्हणायचं हे, बायबलात त्याची कथा, म्हणजे शुभवर्तमान, लिहिणाऱ्यानं विचार करून ठरवलंय. शमुवेलकाका ताडकन उठले. मंडळीतले सगळ्यांत वडील ते! "मास्तर, हे शास्त्र आहे, नाटक नव्हे! खाली बसा."

तुम्ही बसलात. आणि मी, शाळेत मराठी शिकवणारी तुमची मुलगी, मान खाली घालून बसले! वर घरी येऊन म्हणाले, "कशाला बोलायचं असलं?" त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. माझ्यावर रागावला का नाहीत हो?

मागच्या आठवड्यात पिंपरीच्या कारखान्यातला फिटर यशवंत उपासनेनंतर विचारतो, "बाई, मानूस एकच, मग येशूला नावं इतकी का? लिहिनाऱ्याचा घोळ झाला का?" घरी येऊन चार शुभवर्तमानांतलं सगळ्यांत छोटं काढलं आणि एका बैठकीत संपवलं.

काय लिहिलंय हो त्या लिहिणाऱ्यानं! 'देवाचा पुत्र' हे आपल्याला सुरुवातीलाच सांगून टाकतो, पण गोष्टीतल्या माणसांना पत्ताच नाही! शिष्य 'गुरुजी' म्हणतात. आंधळा भिकारी 'दाविदाच्या पुत्रा' म्हणून, जुन्या राजाच्या वंशजाला हाक मारावी तसा, ओरडतो. भुतं खरं ओळखतात, तर येशू त्यांनाच गप्प करतो! स्वतःला मात्र 'मनुष्याचा पुत्र' म्हणवतो.

मग 'देवाचा पुत्र' म्हणून ओळखणारा माणूस कोण? वधस्तंभापाशी पहाऱ्यावर असलेला परका रोमी शताधिपती, शंभर शिपायांचा नायक! तेही येशूनं प्राण सोडल्यावर! हा घोळ नव्हे, लिहिणाऱ्यानं ठरवून केलंय, बाबा, तुम्ही म्हणत होता तसंच!

काल हेच मंडळीत उभं राहून सांगितलं. शमुवेलकाका उठले.

"पोरी, मास्तरांना हेच सांगायचं होतं?"

"हो, काका."

काका म्हणाले, "मी त्यांना पुरतं बोलू द्यायला हवं होतं."

"म्हंजे घोळ न्हाई तर!" यशवंत मागून ओरडला आणि सगळी मंडळी हसली. काकासुद्धा!

आता दर रविवारी दुपारी थेरगावात यशवंतच्या घरी वाचन ठरलंय. बाबा, चारही शुभवर्तमानं पूर्ण वाचून दाखवीन. आणि हे आमच्यात पहिल्यांदा कुणाला दिसलं, ते तुमचं नाव घेऊन सांगेन. शब्द देते.

तुमची लेक,
रूथ